चार सेलच्या पॅकमध्ये तिसरा सेल कमी आणि चौथा जास्त दिसतो. लोड दिल्यावर पहिलाही घसरतो

प्रश्न

नमस्कार. सिरीजमध्ये जोडलेल्या चार लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज स्वतंत्रपणे पाहता यावे म्हणून मी एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर वापरून एक सर्किट तयार केले आहे. पहिला टॅप (म्हणजे सेलच्या धन टोकावरून मोजणीसाठी काढलेली तार) १० किलोओहममधून एडीसीच्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरमधल्या व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाच्या, पिनवर आणला आहे. दुसऱ्या टॅपला ४७-४७ किलोओहम, तिसऱ्याला १०० आणि ४७ किलोओहम, तर चौथ्याला १०० आणि ३३ किलोओहम असे डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या दोन रेझिस्टरच्या जोड्या) आहेत, आणि सगळे रेझिस्टर १ टक्का टॉलरन्सचे, म्हणजे लिहिलेल्या किमतीपेक्षा १ टक्क्यापर्यंत कमी-जास्त असू शकणारे, आहेत. एडीसी ज्याच्या तुलनेत मोजते तो संदर्भ म्हणून ५ व्होल्टचा पुरवठाच वापरला आहे. प्रोग्राम प्रत्येक टॅपच्या व्होल्टेजमधून त्याच्या खालच्या टॅपचे व्होल्टेज वजा करून सेलचा आकडा दाखवतो.

लोड नसताना मल्टिमीटर सेलच्या टोकांवर अनुक्रमे ३.९२, ३.९१, ३.९२ आणि ३.९२ व्होल्ट दाखवतो. सर्किट मात्र ३.९१, ३.९५, ३.७८ आणि ४.०६ दाखवते. ५ अँपिअरचा लोड जोडला की मल्टिमीटरवर पहिला सेल ३.८५ वर येतो, पण सर्किटवर तो थेट ३.६० पर्यंत खाली जातो. बाकीच्या तीन सेलमधली चूक लोडमुळे वाढत नाही. तिसरा सेलच खराब आहे असे समजून मी तो बदलला. वरचे आकडे नवा सेल घातल्यानंतरचे आहेत. चूक कुठे शोधावी?

उत्तर १

सेल बदलण्याची गरज नव्हती, कारण आपले आकडे सेलचे नसून वजाबाकीचे आहेत. ते पुन्हा टॅपच्या रूपात मांडून पाहा. मल्टिमीटरप्रमाणे टॅप ३.९२, ७.८३, ११.७५ आणि १५.६७ व्होल्टवर असायला हवेत. सर्किटच्या आकड्यांची बेरीज केली तर ते ३.९१, ७.८६, ११.६४ आणि १५.७० येतात. म्हणजे मोठी चूक एकाच ठिकाणी आहे: तिसरा टॅप ०.११ व्होल्ट कमी मोजला जातो. तो कमी मोजला गेल्यामुळे तिसरा सेल कमी दिसतो, आणि चौथ्या सेलच्या हिशेबात तोच आकडा वजा होत असल्याने चौथा तेवढाच जास्त दिसतो. शेजारच्या दोन सेलमध्ये उलट्या दिशेची चूक दिसली, की दोघांच्या मधल्या टॅपवर संशय घ्यावा.

११.७५ मध्ये ०.११ म्हणजे जेमतेम ०.९४ टक्के. एक टक्क्याच्या दोन रेझिस्टरनी विरुद्ध दिशेला थोडी थोडी चूक केली, तरी एवढा फरक सहज पडतो. संदर्भ व्होल्टेज हलले असते तर चारही टॅप एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात चुकले असते. तसे इथे झालेले नाही, त्यामुळे तो संशय तूर्त बाजूला ठेवावा.

शिवाय या मायक्रोकंट्रोलरची एडीसी साधारण १० किलोओहमपर्यंत रोध असलेल्या स्रोतासाठी बनवलेली आहे आणि आपल्या तिसऱ्या डिव्हायडरचा परिणामी रोध (दोन्ही रेझिस्टर समांतर धरून) सुमारे ३२ किलोओहम आहे. प्रत्येक एडीसी पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवून पाहावा.

उत्तर २

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण रेझिस्टरला दोष देण्याआधी टॅपची तार तपासावी, कारण कनेक्टरमधला गंजलेला संपर्कही हुबेहूब हाच नमुना दाखवतो. मल्टिमीटरचे लाल टोक बोर्डावरच्या कनेक्टरच्या पिनवर लावून, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला, तिसरा टॅप मोजा. तिथे ११.७५ मिळाले तर तार निर्दोष आहे. डिव्हायडरच्या मध्यबिंदूवर मात्र मीटर लावून निष्कर्ष काढू नये. १० मेगाओहमचा मीटरसुद्धा तिथले व्होल्टेज ०.३ टक्क्याने खाली ओढतो. टोके लावताना शेजारचे दोन पिन एकमेकांना टेकू देऊ नका आणि प्रत्येक टॅपच्या तारेत सेलजवळ छोटा फ्यूज असू द्या.

पहिल्या सेलचे दुखणे वेगळे आहे. बोर्डाचे ग्राउंड आपण लोडच्या ऋण तारेवरून घेतले असावे. ५ अँपिअरला ०.२५ व्होल्टचा फरक म्हणजे त्या तारेत आणि जोडांत मिळून ०.०५ ओहमचा रोध, आणि हा आकडा अगदी संभवनीय आहे. लोडचा प्रवाह त्या तारेतून पॅककडे परतताना बोर्डाचे ग्राउंड पॅकच्या ऋण टोकापेक्षा पाव व्होल्टने वर उचलले जाते. चारही टॅप त्यामुळे सारखेच कमी दिसतात, पण वरच्या तीन सेलच्या वजाबाकीत ती चूक उडून जाते आणि सगळा भार एकट्या पहिल्या सेलवर पडतो. पहिल्या सेलच्या ऋण टोकापासून बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत स्वतंत्र बारीक तार आणा आणि लोडकडचा जुना जोड काढून टाका. दोन्ही ठेवले तर लोडचा काही प्रवाह त्या बारीक तारेतून जाऊ लागेल, आणि ते धोक्याचे आहे.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही आभार. कनेक्टरच्या पिनवर ११.७५ मिळाले, म्हणजे तार ठीक आहे. कपॅसिटर बसवून आकड्यांत फरक पडला नाही, तरी ते राहू दिले आहेत. त्यानंतर पॅक सोडवून, तिसऱ्या डिव्हायडरच्या दोन्ही रेझिस्टरचा प्रत्येकी एक पाय सोल्डर वितळवून उचलला आणि ते मोजले. वरचा १००.८ किलोओहम निघाला, खालचा ४६.७२. दोघेही आपापल्या एक टक्क्याच्या आत आहेत, पण एक वर आणि दुसरा खाली. या आकड्यांनी हिशेब केला तर ११.७५ चे बरोबर ११.६४ होतात; ते जुळलेले पाहून फार समाधान वाटले.

आता प्रोग्राममध्ये प्रत्येक टॅपला स्वतंत्र गुणक दिला आहे (तिसऱ्यासाठी १.००९५) आणि १६ वाचनांची सरासरी घेतो. आकडे ३.९२, ३.९१, ३.९३ आणि ३.९१ येतात. ग्राउंडची तार वेगळी केल्यावर ५ अँपिअरच्या लोडवर पहिला सेल ३.८४ दाखवतो.

उत्तर १

फार छान झाले. चौथ्या टॅपवर एडीसीची एक पायरीच सुमारे २० मिलिव्होल्टची आहे, त्यामुळे उरलेल्या ०.०१ व्होल्टमागे लागू नये. मात्र हे गुणक ५ व्होल्टचा पुरवठा आहे तसा राहील तोवरच खरे आहेत, तो ४.९५ वर आला तर ३.९२ चा सेल ३.९६ दिसेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हे डिव्हायडर अखंड प्रवाह ओढतात, आणि तोही असमान: वरच्या सेलमधून सुमारे ११८ मायक्रोअँपिअर, तर खालच्या दोन सेलमधून सुमारे २८०. पॅक महिनाभर तसाच पडून राहिला तर खालचे सेल वरच्यापेक्षा जवळजवळ ११७ मिलिअँपिअर-तास जास्त रिकामे होतील. त्या वेळी सर्किट जो फरक दाखवेल तो खरा असेल. म्हणून वापर नसताना टॅपचा कनेक्टर काढून ठेवावा.