ओपन वॉटर नुकतंच झालंय, मालदीवच्या लाइव्हअबोर्डवर जावं का?

मृण्मयी_शिवाजीपार्क

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण इथे डाइव्हिंग करणारे बरेच जण दिसतात म्हणून सगळं एकदमच विचारते. मी आणि माझी मावसबहीण, दोघींचं ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचं पहिलं सर्टिफिकेट, गेल्या डिसेंबरात अंदमानात हॅवलॉकला झालं. त्याआधी मालवणला ते किल्ल्याजवळचं स्कूबा केलेलं, ज्यात इन्स्ट्रक्टर मागून धरून फिरवतो, तेव्हापासूनच हे वेड लागलंय. पोहायला मी लहानपणीच दादरला तलावावर शिकले त्यामुळे पाण्याची भीती अशी नाही.

तर आता फेब्रुवारीत मालदीवला जायचं डोक्यात आहे आणि तेही हॉटेलात न राहता लाइव्हअबोर्डवर, म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, तिथेच खायचं झोपायचं आणि दिवसाला तीन डाइव्ह. आमचा ट्रॅव्हल एजंट म्हणतो ओपन वॉटर असलं की झालं, बिनधास्त या. पण त्याच बोटीच्या माहितीत ॲडव्हान्स्ड (त्याच्या पुढचा, ३० मीटरपर्यंतचा कोर्स) आणि किमान ५० डाइव्ह असं लिहिलंय. कोणाचं खरं मानू?

दुसरं म्हणजे बहिणीला गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमध्येसुद्धा मळमळतं, तिचं आठवडाभर बोटीवर कसं व्हायचं? आणि तिसरं, जे मला मनापासून जाणून घ्यायचंय ते हे की २०२४ मध्ये तिकडचं कोरल पांढरं पडलं असं वाचलं, तर आता बघण्यासारखं काही उरलंय का? एवढा खर्च करून मेलेले दगड बघायचे म्हटलं तर जीवावर येईल.

खोलपाणी

मृण्मयी, बोटीच्या माहितीत लिहिलंय तेच खरं. एजंटला जागा भरायच्या असतात, पाण्यात तुमच्यासोबत तो नसतो.

५० चा आकडा कुठून येतो ते सांगतो म्हणजे पटेल. मालदीवच्या अटॉल म्हणजे बेटांची आणि रीफची मोठमोठी कडी, आत शांत लगून, आणि समुद्राचं पाणी आत-बाहेर व्हायला मधेमधे जी तोंडं आहेत त्यांना तिकडे कंडू म्हणतात. शार्क बघायचे तर या कंडूच्या बाहेरच्या तोंडाशी जायचं, पाणी आत येत असताना, कारण तेव्हा बाहेरचं स्वच्छ निळं पाणी आत घुसतं आणि ग्रे रीफ शार्क त्या करंटला तोंड करून कडेला थांबून असतात. ती कड बऱ्याच ठिकाणी २५ ते ३० मीटरवर असते. तुमचं ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं. तिकडे मनोरंजनासाठीच्या डाइव्हला ३० मीटरची कायद्यानेच मर्यादा आहे, त्यामुळे ॲडव्हान्स्ड का मागतात ते लक्षात येईल.

आता तो डाइव्ह कसा होतो ते ऐका. मुख्य बोटीवरून नाही, सोबत एक छोटी धोनी असते तिच्यावरून उडी मारायची. उडी मारतानाच जॅकेटमधली हवा पूर्ण काढलेली, म्हणजे वर तरंगत बसायचं नाही, थेट खाली, कारण वर दोन मिनिटं घालवली तर करंट तुम्हाला ती कड ओलांडून आत घेऊन जातो. खाली जाता जाता कानांतला दाब सोडवायचा, मास्कमध्ये पाणी आलं तर काढायचं, गाइडकडे लक्ष ठेवायचं. मग कडेला पोचलं की रीफ हुक, म्हणजे दोरीला लावलेला आकडा, मेलेल्या खडकाच्या फटीत अडकवायचा (जिवंत कोरलला अजिबात नाही), जॅकेटमध्ये किंचित हवा भरायची आणि पतंगासारखं हवेत, म्हणजे पाण्यात, तरंगत राहायचं. करंट इतका असतो की मान वळवली तर मास्क निघेल असं वाटतं. आणि समोर दहा-पंधरा शार्क, जागच्या जागी, शेपटी जेमतेम हलवत. आयुष्यात एकदा बघावंच असं दृश्य आहे, पण त्या वेळी डोकं मोकळं पाहिजे. हवा किती उरलीये, मी वर तर जात नाहीये ना, यातच सगळा जीव अडकला तर शार्क समोर असून दिसत नाहीत. शिवाय ३० मीटरवर दाब वरच्या चौपट, हवाही चौपट वेगाने संपते. नवीन माणूस धापा टाकतो, त्याची टाकी बघता बघता अर्धी होते आणि त्याच्यासाठी अख्ख्या ग्रुपला वर यावं लागतं.

माझी साधी परीक्षा आहे. डाइव्हच्या शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप करतो तो दोरी न धरता, हात न हलवता, एका जागी करता येतो का? येत असेल तर निघा. नसेल तर आधी अजून एक अंदमान ट्रिप करा, नुसती बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता एका पातळीत राहण्यावर, मेहनत घ्या, ॲडव्हान्स्ड तिथेच उरका.

लाइव्हअबोर्डच करायचं असेल तर पहिल्यांदा थायलंडची सिमिलन बेटं बघा. खाओ लाकहून बोटी सुटतात, तिथलं नॅशनल पार्क १५ ऑक्टोबर ते १५ मे उघडं असतं, बऱ्याच बोटी ओपन वॉटरवाल्यांना घेतात आणि ॲडव्हान्स्ड बोटीवरच करून देतात. रिचेल्यू रॉकला जांभळ्या सॉफ्ट कोरलने खडक असा भरलाय की मूळ दगड शोधावा लागतो. करंट तिथेही असतो पण खडकाच्या आडोशाला जाता येतं, कंडूत आडोसा नसतो.

वेसाव्याचा_तांडेल

वर दादांनी पाण्याखालचं सांगितलं, मी पाण्यावरचं सांगतो. डाइव्हिंग मी करत नाही पण बोटीवर जन्म गेलाय आमचा.

ताई, बोट निवडताना फोटोत जकुझी आणि जेवणाचं टेबल बघू नका. पहिला प्रश्न हा विचारा की रात्री सगळे झोपल्यावर जागा कोण असतो. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाची डाइव्ह बोट नांगरावर उभी असताना पहाटे पेटली, खाली झोपलेले ३४ जण गेले. चौकशीत निघालं की रात्रीचा पहारा नव्हताच, कप्तानासकट खलाशी वर झोपलेले. आणि झोपायच्या खोलीतून बाहेर पडायला दोन वाटा होत्या पण दोन्ही एकाच दिवाणखान्यात निघत होत्या आणि आग तिथेच भडकलेली. दोन वाटा आहेत म्हणून भागत नाही, दोन्ही वेगवेगळ्या जागी उघड्यावर निघाल्या पाहिजेत.

म्हणून बोटीवर चढलात की बॅग ठेवायच्या आधी केबिनपासून डेकपर्यंत दोन्ही वाटांनी एकदा चालून या. झडप असेल तर ती तुमच्या हाताने उघडून बघा, गंजलेली असते कधीकधी. लाइफ जॅकेट कुठे ते बघा. कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या केबिनमध्ये रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, डेकवर जागा ठरवून दिलेली असते तिथेच, आणि माणूस जागा असेल तेव्हाच. पहिल्या दिवशी सेफ्टीची माहिती न देता जी बोट थेट जेवायला बसवते तिच्यावर माझा तरी विश्वास बसणार नाही.

तारखेचं पण बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जोरात धावतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा मंद. हे आम्ही जाळं टाकायला बघतो, तुम्ही डाइव्हला बघा, समुद्र तोच. मालदीवला वाऱ्यामुळेपण करंट असतो म्हणतात, पण भरती-ओहोटीचा भाग आहेच. नवीन असाल तर भांगाचा आठवडा धरा. एजंटला हे विचारलं तर तो गोंधळेल, कालनिर्णय उघडा सरळ.

खोलपाणी

तांडेल, तिथीचं एकदम बरोबर. इंडोनेशियात कोमोडोला तर याच्यावरच सगळं चालतं, तिथे गाइड लोक भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच वेळ ठरवतात.

प्रवाळप्रेमी_ठाणे

कोरलच्या प्रश्नावर मी लिहिते, कारण तो मला इथला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि लोक तो विचारतच नाहीत, शार्क किती दिसतील एवढंच विचारतात.

कोरल हा प्राणी आहे. बारीक बारीक पॉलिप, त्यांच्या अंगात राहणारं एकपेशीय शेवाळ, आणि त्या शेवाळाने उन्हात बनवलेल्या अन्नावरच पॉलिपचं बहुतेक पोट भरतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की पॉलिप ते शेवाळ बाहेर टाकतं, अंग पारदर्शक होतं आणि आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. हे ब्लीचिंग. पण पांढरं म्हणजे मेलेलं नाही! उपाशी आहे, जिवंत आहे, पाणी वेळेत थंड झालं तर परत सावरतं. नाही झालं तर मरतं, मग त्याच्यावर हिरवट-तपकिरी बुरशीसारखं शेवाळ चढतं. तुम्ही जाल तेव्हा सावरलेलं कुठलं आणि मेलेलं कुठलं हा फरक डोळ्यांनी बघता येईल.

मालदीवला १९९८ मध्ये उथळ पाण्यातलं बहुतेक कोरल मेलं होतं. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी ते छान परत आलं, मग २०१६ ला पुन्हा फटका, मग २०२४. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं, त्यात आपलं लक्षद्वीपही होरपळलं. दोन फटक्यांमधलं अंतर कमी होत चाललंय, सावरायला वेळच मिळत नाहीये, याचं मला फार वाईट वाटतं.

तरी उरलंय का? उरलंय, नक्की जा. सगळ्यात आधी मरतं ते उथळ पाण्यातलं फांद्यांचं आणि टेबलासारखं पसरट कोरल, म्हणजे बेटाजवळ स्नॉर्केलिंगला दिसतं ते. पोराइट्सचे मोठमोठे गोल दगडासारखे कोरल बऱ्यापैकी तग धरतात. आणि थिला, म्हणजे अटॉलच्या आत पाण्याखालीच संपणारे डोंगर, त्यांच्या कपारींत सॉफ्ट कोरल आणि पंख्यासारखे गॉर्गोनियन अजून भरपूर दिसतात. नॉर्थ आरी अटॉलला माया थिला आहे, तिथल्या एका कपारीसमोर शांत थांबून बघा. छताला उलटे लटकलेले पिवळे-केशरी सॉफ्ट कोरल, त्याच्यात लपलेले काचेसारखे पारदर्शक कोळंबी, आणि बाजूला पॅरटफिश दगड चावतोय त्याचा कडकड आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो चावलेला चुना पोटातून जाऊन वाळू होतो, मालदीवच्या पांढऱ्या किनाऱ्यांवरची बरीच वाळू या माशांनीच केलीये.

आणि म्हणूनच खोलपाणी यांनी बॉयन्सीचं लिहिलंय ते मी दुसऱ्या कारणासाठी पुन्हा लिहिते. पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. मागे न बघता मारलेली एक फिन, आणि कित्येक वर्षांची वाढ गेली. ज्याने १९९८, २०१६, २०२४ सोसलं ते आपल्या लाथेने तुटावं का? फोटोसाठी दगडाला धरून बसणारे लोक बघितले की माझा जीव तुटतो. सनस्क्रीनही जपून, थायलंडने २०२१ मध्ये ऑक्सिबेन्झोनवाली सनस्क्रीन नॅशनल पार्कांत बंद केली. लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला, प्रश्नच मिटतो. आणि किनाऱ्यावर पडलेला कोरलचा तुकडासुद्धा घरी आणू नका, भारतात ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

जाता जाता, कोरल बघायला मालदीवच लागतं असं नाही. आपल्या हाजीअलीला, वरळीला खडकांवर कोरल आहे, कोस्टल रोडच्या वेळी तिथल्या काही वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावल्या. मोठ्या ओहोटीला किनाऱ्यावरच्या सागरी जीवांची माहिती देत लोकांना फिरवणारे ग्रुप मुंबईत आहेत, मृण्मयी, फेब्रुवारीपर्यंत वाट न बघता एखाद्या रविवारी जाऊन या.

मृण्मयी_शिवाजीपार्क

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. हाजीअलीला कोरल आहे हे मला आज कळतंय, रोज तिथून बसने जाते मी! सेफ्टी स्टॉप आम्हाला दोरी धरूनच जमतो, म्हणजे उत्तर मिळालं. मालदीव पुढे ढकलतोय, फेब्रुवारीत सिमिलन, त्याच्या आधी जमलं तर अंदमान. एवढंच सांगा की बोट लागण्याचं काय करायचं? आणि नायट्रॉक्स नावाचा एक जादाचा कोर्स दिसतोय तो घ्यावा का?

डॉ_समुद्रवारा

बोट लागणाऱ्यांसाठी फेब्रुवारी हा चांगलाच महिना आहे, सिमिलनभोवतीचा अंदमान समुद्र तेव्हा शांत असतो. बहिणीला खालच्या डेकची, बोटीच्या मध्यावरची केबिन मागा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी. वर तांडेलांनी वाटांचं सांगितलंय ते मात्र खालच्या केबिनला दुप्पट लक्ष देऊन बघा. आपल्याकडे सर्रास ॲव्होमिन घेतात पण तिने झोप येते आणि डाइव्हच्या आधी गुंगी अजिबात चालत नाही, म्हणून कुठली गोळी आणि कधी हे तुमच्या डॉक्टरांना डाइव्हिंग करणार असं स्पष्ट सांगून विचारा, आणि ती घरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी आधी घेऊन बघा. सकाळी रिकाम्या पोटी उडी मारू नका, टोस्ट-केळं काहीतरी पोटात हवं. पाण्याखाली बरं वाटतं, त्रास वर धोनीची किंवा डिंगीची वाट बघत लाटांवर डुलताना होतो. सर्दी असेल तर तो डाइव्ह सोडून द्या, नाक मोकळं करायची गोळी खाऊन जाऊ नका, खाली असताना तिचा असर संपला तर वर येताना कानातली हवा अडकते.

नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा, तो कोर्स घ्या. हवेत नायट्रोजन ७९ टक्के, नायट्रॉक्स ३२ मध्ये (३२ टक्के ऑक्सिजन) ६८, म्हणजे रोज तीन-चार डाइव्ह आठवडाभर केले की शरीरात साठणारा नायट्रोजन कमी (वर येताना त्याचेच बुडबुडे होऊन त्रास होतो). मात्र त्याला खोलीची मर्यादा आहे, ३२ ला साधारण ३३ मीटर, त्याच्याखाली ऑक्सिजनच घातक ठरतो, म्हणून टाकीतलं प्रमाण स्वतः मोजून वहीत सही केल्याशिवाय टाकी घ्यायची नाही. डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचं खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) दोघींचा वेगवेगळा हवा, एकावर दोघींनी भागवायचं नाही.

परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी, मी २४ धरायला सांगतो. फुकेतहून रात्रीचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून हे अंतर कमी करू नका. आणि इन्शुरन्सची पॉलिसी पूर्ण वाचा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बरेचदा वगळलेलं असतं, डाइव्हर्ससाठीचा वेगळा विमा मिळतो त्यात रिकम्प्रेशन चेंबरचा (नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली) खर्च धरलेला असतो, तोच काढा.