नागपूरचा पहिला उन्हाळा, सगळ्यात वरचा मजला, घरात बाळ आणि सासूबाई... तयारी काय काय करू?

रत्नांगी
नमस्कार मंडळी, आम्ही मूळचे रत्नागिरीचे, मिस्टरांची बदली झाली म्हणून डिसेंबरात नागपूरला आलो. थंडी मस्त गेली पण आता मार्च संपत आलाय आणि दुपारी बाहेर पाय टाकवत नाही, आणि शेजारच्या काकू म्हणतात हे काहीच नाही, मे महिन्यात नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) येऊ दे मग बघ. फ्लॅट चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, रात्री अकरालासुद्धा पंखा वरून गरम हवाच फेकतो. कोकणात घामाच्या धारा लागतात, इथे घाम दिसतच नाही पण ओठ फुटतात. सासूबाई 68 वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आहे, आणि बाळ 5 महिन्यांचं. कूलर घेऊ की एसी? बाळाला वरचं पाणी देऊ का? गॅससमोर कमीत कमी उभं राहून काय करता येईल? आणि गावाहून आणलेली अबोली, जास्वंद, कढीपत्ता यांची पानं कडेने करपायला लागलीत, ती कशी वाचवू? प्लीज सांगा, खरंच टेन्शन आलंय.

खामल्याचा_मी
ताई, नागपुरात कूलरच. इथली हवा कोरडी असते न, म्हणून ओल्या ताट्यांतून (कूलरच्या बाजूंच्या गवती जाळ्यांतून) आत येताना पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते, तुमच्या रत्नागिरीत हाच कूलर लावला तर नुसतं चिपचिप होईल. पण कूलर खोलीच्या आत ठेवू नका, खिडकीबाहेर स्टँडवर बसवा म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरची खिडकी किंवा दार हातभर उघडं ठेवा, हवा बाहेर गेलीच नाही तर तासाभरात गाद्या दमट होतात. नवे लोक सगळं बंद करून बसतात आणि म्हणतात कूलर काम करत नाही. वुड वूलच्या ताट्या दरवर्षी नव्या टाका, खस परवडली तर उत्तमच, काय वास येतो! आधी पाच-दहा मिनिटं फक्त पंप चालवा, ताट्या भिजल्या की मग पंखा. जूनमध्ये ढग आले की पंप बंद, तेव्हा एसीच कामी येतो, म्हणून जमलं तर बाळाच्या खोलीत एक एसी घ्या आणि 26 वर ठेवून पंखा लावा.

स्लॅबसाठी सोसायटीला विचारून गच्चीवर चुन्याचे दोन-तीन हात मारून घ्या. पांढरा रंग ऊन परत फेकतो, स्लॅब खूपच कमी तापतो, आणि खर्च अगदी थोडा. चुना भिजवताना डोळे सांभाळा, तो उकळतो.

आणि कूलरच्या टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून कडा घासायच्याच. डेंग्यूचा डास त्या कडेलाच अंडी घालतो, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

सिस्टर_अमरावती
मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, उन्हाळ्यात रोज हेच बघते म्हणून जरा स्पष्ट लिहिते. 6 महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी अजिबात नको, ग्लुकोजचंही नको. अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा आणि तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या. दिवसात सहा-सात वेळा शू होत असेल तर पाणी पुरतंय असं समजा. शू कमी झाली, बाळ मलूल दिसलं, दूध ओढेना, तर वाट बघत बसू नका. कूलरचा झोत थेट अंगावर नको, घामोळ्यांवर पावडरचे थर नकोत, साध्या पाण्याने पुसून सुती झबलं घाला.

सासूबाईंना तहान लागत नाही म्हणून त्या पाणी मागणार नाहीत, वयाने तहानेची जाणीवच कमी होते, तुम्हीच तासातासाला ग्लास हातात द्या. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, तेव्हा उन्हाळा सुरू होताच डॉक्टरांना गोळी दाखवून या, मनाने बंद करू नका.

ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच घोळायचं, मोठं असेल तर 1 लिटरमध्ये, अर्धं पाकीट ग्लासात असं नको, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

कुणी उन्हातून येऊन असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसावा असं तापलं, तर तो उष्माघात. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत निजवून, कपडे सैल करून, अंगभर पाणी मारून पंखा घाला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

कुंडीवाली
झाडांसाठी एवढंच, 50 टक्क्यांची हिरवी नेट बांधा, पश्चिमेच्या बाजूने खालपर्यंत सोडा कारण दुपारचं तिरकं ऊन जास्त जाळतं. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पाला पसरा. पाणी सकाळी सहा-सातला, आणि पाइपमधलं पहिलं उकळतं पाणी बादलीत काढून मगच. खत जूनपर्यंत बंद. अबोलीला अर्धी सावली मानवते, ती खिडकीत आत घ्या.

आजी_वऱ्हाडातली
माय, स्वयंपाक सकाळी आठच्या आत आटपून टाक. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून ठेव, सकाळी आंबलं की उकळत्या पाण्यात सोडून शिजव, गार झाल्यावर वरून ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरं. ही आंबील पोटभर प्या सगळे, सासूला मीठ बेतानं घाल. पन्ह्याच्या कैऱ्या उकडण्यापेक्षा भाजून बघ न, चव वेगळीच येते, गर गुळात आटवून फ्रीजमध्ये ठेव आणि लागेल तसा पाण्यात घोळ. शिजवलेला भात-वरण मात्र दुपारभर बाहेर नको ठेवू बाप्पा, इथे दोन तासात आंबतं.

रत्नांगी
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, नेट आजच आणायला सांगितली. अजून एक, ओळखीतून एक जुना लोखंडी कूलर मिळतोय, चालेल ना? हात लावल्यावर जरा झिणझिण्या येतात असं मिस्टर म्हणाले.

खामल्याचा_मी
नाही नाही, तो अजिबात लावू नका! झिणझिण्या म्हणजे बॉडीत करंट उतरलाय, विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. घ्यायचाच असेल तर फायबर बॉडीचा नवीन घ्या. थ्री पिन प्लग, घराची अर्थिंग आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपियरचं आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारं बटण) आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा.