मदत हवी आहे: भेट द्यायच्या चित्राचा खरेपणा आणि किंमत

घरातलं एक जुनं तैलचित्र संग्रहालयाला भेट द्यायचं आहे. त्यावर सही आहे, पण खरेदीची पावती नाही. अमेरिकेत मार्क लँडिसने स्वतः केलेल्या नकला ४० हून अधिक संग्रहालयांना फुकट दिल्या; २००८ मध्ये एका संग्रहालयातल्या नोंदणी अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलं. फुकट मिळतंय म्हणजे खरंच असणार, हा समज घातक. आमच्याकडून नकळतही तसं होऊ नये, एवढीच तळमळ आहे.

रंगात टायटॅनियम व्हाइट (विसाव्या शतकात वापरात आलेला पांढरा रंग) सापडला तर चित्र (किंवा त्यावरची डागडुजी) साधारण विसाव्या शतकातलं किंवा नंतरचं, एवढं कळतं. पण ही तपासणी देणाऱ्याने आधी करून घ्यायची, की संग्रहालय करतं? नुसत्या सहीला किती महत्त्व द्यायचं? आणि किंमत कोणाकडून ठरवून घ्यावी? घेणाऱ्या संस्थेनेच ती ठरवणं मला पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.