बॉम्बरच्या शेपटीतल्या गनरला नुसती पट्टी, पदक का नाही?

लिंकनकर
रविवारी इथल्या लिंकनच्या टेकडीवरच्या बॉम्बर कमांड स्मारकाला जाऊन आलो. बॉम्बर कमांड म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकणारा ब्रिटिश हवाई दलाचा विभाग. पोलादी स्तंभ ३१.०९ मीटर उंच, म्हणजे त्यांच्या लँकॅस्टर या बॉम्बर विमानाच्या पंखांच्या पसाऱ्याएवढा. भोवतीच्या भिंतींवर कमांडमधल्या सगळ्या मृतांची सुमारे ५८ हजार नावं.

विमानातून लढलेल्या सव्वा लाखांपैकी ५५,५७३ गेले. त्यात शेपटीतला गनर मला सगळ्यात एकटा वाटतो. बाकीचे सहाजण पुढे, हा मागच्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बंदूक-कोठडीत, चार ब्राउनिंग मशीनगन घेऊन आठ-आठ तास उलट्या तोंडानं बसलेला. आत जागा इतकी कमी की पॅराशूटसुद्धा मावायचं नाही, ते दारापलीकडे विमानाच्या धडात टांगलेलं. आग लागली तर आधी टरेट सरळ करा, दार उघडा, पॅराशूट काढा, अंगाला अडकवा आणि मग उडी.

एवढं करून २०१३ मध्ये मिळालं काय? १९३९-४५ स्टार या युद्धपदकाच्या रिबिनीवर लावायची एक धातूची पट्टी. वेगळं मोहीमपदक हवंच होतं, असं माझं स्पष्ट मत.

दुसरी बाजू
असहमत. शौर्यपदक माणसाला मिळतं, मोहीमपदक मोहिमेला. आणि या मोहिमेतल्या बॉम्बफेकीत जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये सदतीस हजारांच्या आसपास, फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये पंचवीस हजारांपर्यंत माणसं मेली. चर्चिलनं १३ मे १९४५ च्या विजयाच्या भाषणात बॉम्बर कमांडचं नावही घेतलं नाही, ते उगाच नव्हे.

आणि पट्टीला नावं ठेवू नका. १९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये ब्रिटनचं आकाश राखणाऱ्या फायटर वैमानिकांनाही पट्टीच मिळाली होती.

लिंकनकर
मिळाली, पण १९४५ मध्येच. यांना मात्र ६८ वर्षं थांबायला लावलं! आणि चर्चिलनं हात झटकले म्हणून गनर कसा दोषी? बॉम्ब टाकणारा वेगळा, गनरचं काम फक्त राखण.

काजवा
लिंकनकर, हे जरा सोयीचं होतंय. शहरावरून विमान वळलं की बाकीच्यांची नजर पुढे, घराकडे. मागे धुमसणारं शहर दिसेनासं होईपर्यंत बघत बसायचा तो गनरच. 'मी नुसता राखणदार' असं त्याला स्वतःला तरी म्हणता आलं असेल का?

तरीही मी पदकाच्या बाजूनं आहे. हुकूम वरून आले, मेली ती ही पोरं.

रिबीनवाला
मी स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराची ही युद्धपदकं जमवतो म्हणून दोन गोष्टी. पहिली, पदक 'नव्हतंच' असं नाही. ब्रिटनहून युरोपवर उडणाऱ्यांसाठी एअर क्रू युरोप स्टार होता. रिबीन निळी, काळ्या कडा आणि सर्चलाइटच्या पिवळ्या रेघा. पण तो ५ जून १९४४ पर्यंतच. ६ जूनपासून नव्यानं उडायला लागलेल्याला फ्रान्स अँड जर्मनी स्टार, तोच जो नॉर्मंडीत उतरलेल्या फौजेतल्या कारकुनालाही. जुन्यांचा खरा राग या तारखेवर होता.

दुसरी, ब्रिटिशांनी हे स्टार नाव न कोरताच दिले. हातात घेतलात तरी कुणाचा ते कळत नाही. म्हणून नकलाही भरपूर.

काजवा
आणि शौर्यपदकाला साक्षीदार लागतो. कॅनडाचा अँड्र्यू मिनार्स्की लँकॅस्टरच्या पाठीवरच्या टरेटचा गनर. १२-१३ जून १९४४ च्या रात्री फ्रान्समधल्या कँब्रेच्या वाटेवर विमान पेटलं, शेपटीत पॅट ब्रॉफी अडकला. हा जळत्या तेलातून रांगत गेला, कुऱ्हाडीनं टरेटवर घाव घातले, मग नुसत्या हातांनी ओढलं. ब्रॉफीनंच त्याला जा म्हणून खुणावलं. मिनार्स्कीनं सलाम ठोकला आणि पेटत्या पॅराशूटनिशी उडी मारली. तो भाजून गेला. विमान कोसळताना ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि चक्क वाचला! त्यानं सांगितलं म्हणून १९४६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस. ब्रॉफी मेला असता तर?

दुसरी बाजू
हे मान्य, वाद नाही. अशा माणसाला दोन द्या. माझा विरोध सरसकट पदकाला.

अडाणी
अवांतर: आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वॉड्रन व्हेन्जन्स बॉम्बर विमानं घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होत्या. त्यातही मागच्या सीटवर गनर उलटाच बसायचा. त्यांच्यासाठी धागा कोण काढणार?

लिंकनकर
अडाणीराव, तुम्हीच काढा, मी येतो भांडायला. दुसरी बाजूसाहेब, सरसकट नको म्हणता, पण अंधारात कुणी काय केलं हे बघणारा सोबतच मेला, तर निवड कोण करणार?