सेल्फ चिकटतो म्हणून लगेच नवा घेऊ नका
भाऊ, इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) घरघरत राहतो म्हणता, तर आधी एक पाहा. चावी सोडूनही मोटर फिरतच असेल तर बहुधा सोलेनॉइडचे, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट चिकटले. लगेच बॅटरीचा कटऑफ (मेन स्विच) पाडा, नाहीतर आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळालंच समजा. बॅटरी उतरलेली असताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की कॉन्टॅक्ट असे चिकटतात.

मोटर थांबते पण पिनियन (इंजिनच्या चाकात अडकणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) मागे येत नाही, तर दोष बहुधा बेंडिक्सचा, म्हणजे शाफ्टवर पिनियन पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाचा. यवतमाळ-पांढरकवडा पट्ट्यात कापूस वाहताना माझ्या जुन्या ट्रकचे हेच झाले: शाफ्टवर धूळ, कापसाचे तंतू आणि मिस्त्रीनं प्रेमानं थापलेलं ग्रीस! बॅटरी सोडवून सेल्फ उतरवला, शाफ्ट रॉकेलनं धुतला, बारीक पॉलिश पेपर मारला. ग्रीस आता नखाएवढंच. शाफ्ट हलत होता, म्हणून त्याला आधार देणारे बुशही बदलले.