म्हणे अमेरिकेने हैती 'सांभाळला'!

जुनीवही:
काल इथे एकाने लिहिलं, "1915 ते 1934 अमेरिका होती तेवढीच वर्षं क्यूबाशेजारच्या हैतीत धड कारभार झाला. रस्ते, दवाखाने, टेलिफोन मिळाले." वाचून डोकं असं उठलं की वेगळा धागाच काढला.

सांभाळायला आलेला माणूस आधी तिजोरी उचलतो का? डिसेंबर 1914 मध्ये अमेरिकेचे मरीन सैनिक हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले आणि राष्ट्रीय बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं बोटीत घालून वॉल स्ट्रीटला घेऊन गेले. त्या बँकेत न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेचा हिस्सा होता. हैतीचा राष्ट्राध्यक्ष साम याला जमावाने मारलं ते 28 जुलै 1915 ला. त्याच दिवशी मरीन पुन्हा हजर, या वेळी 'शांतता' राखायला. सोनं आधी गेलं, निमित्त सात महिन्यांनी सापडलं.

दर्यावर्दी:
ताई, अर्धंच सांगितलंत. सामच्या राजवटीने आदल्या दिवशी तुरुंगात 167 कैदी मारले, ते कुठे गेलं? आणि जरा नकाशा बघा. क्यूबा आणि हैतीच्या मधल्या विंडवर्ड पॅसेजमधून मी बोटीवर असताना तीनदा गेलोय. न्यूयॉर्कहून पनामाची वाट तीच. कालवा सुरू झाला ऑगस्ट 1914 ला, त्याच महिन्यात युरोपात युद्ध पेटलं, आणि हैतीचा व्यापार बराचसा जर्मनांच्या हातात. त्या वाटेवरचं हैतीचं मोल सें-निकोला बंदर जर्मन सम्राट कैसरला मिळालं असतं तर? पाच लाखांसाठी कोणी 19 वर्षं फौज पोसत नाही.

जुनीवही:
167 चं मान्य, लिहायला हवं होतं. पण कैसर 1918 मध्ये पळाला. पुढची सोळा वर्षं फौज काय मासे मारत होती? त्याच वर्षी नवी राज्यघटना गळ्यात मारली. परदेशी माणसाला जमीन घ्यायची शतकभराची बंदी त्यात उठली. ती आपणच लिहिली अशी फुशारकी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टने 1920 च्या प्रचारात मारली होती! तिथे लढलेल्या मरीन अधिकारी स्मेडली बटलरने तर 1935 मध्ये स्वतःच कबूल केलं की आपण नॅशनल सिटी बँकेच्या वसुलीची सोय करत होतो.

शुद्धलेखन_आजोबा:
उच्चार 'हैती' नव्हे. तिथल्या क्रियोलमध्ये 'आयिती'.

खवचट:
आयिती? मग आयत्या बिळावर नागोबा!

वाटसरू:
बाकी राहू द्या, रस्ते तर झाले ना? आपल्याकडे इंग्रजांनी आगगाडी आणली, तिच्यात बसूनच शिव्या देतो आपण.

माळावरचा:
आली का आगगाडी! कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी होती, तोटा झाला तर भरायचा रयतेने. आणि हैतीतले रस्ते वेठीवर झाले. 1864 चा जुना कायदा उकरून काढून शेतकऱ्यांना दोरीला बांधून खडी फोडायला नेत.

माझी आजी सांगायची, तिच्या वडिलांना संस्थानच्या साहेबाचा डेरा पुढच्या गावी पोचवायला वेठीला धरायचे. ऐन पेरणीत. परत येईपर्यंत रानाचा वाफसा गेलेला. तो रस्ता आजही आहे, डांबरी आहे. आजीने मात्र त्याला कधी चांगलं म्हटलं नाही.

वाटसरू:
आजीच्या गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे. आमची दीड एकर बायपासला गेली, मोबदल्यासाठी नऊ वर्षं खेटे घातले. ते कोणत्या साम्राज्याने केलं?

माळावरचा:
तुमचा बायपास हैतीत आहे का? धागा तरी वाचा.

वाटसरू:
आगगाडी मी काढली, पण डेरा तुमच्या आजीचा होता!

जुनीवही:
भांडा सावकाश. वेठीला कंटाळलेली माणसं बंडखोरांचा पुढारी शार्लमान्य पेराल्तच्या मागे गेली. 1919 मध्ये मरीननी त्याला मारून प्रेत दाराला बांधलं, फोटो काढून गावोगाव वाटला, लोकांना दहशत बसावी म्हणून. लोकांना त्यात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला.

दर्यावर्दी:
ठीक आहे. आत शिरले कालव्यासाठी, राहिले बँकेसाठी. इतकंच देतो, याहून पुढे नाही.

जुनीवही:
उपकार झाले. फौज 1934 ला गेली तरी हैतीने अमेरिकेत काढलेलं कर्ज फिटेपर्यंत, 1947 पर्यंत, अमेरिकेची तिजोरीवरची नजर हटली नाही. तेही कालव्यासाठीच का, भाऊ?

वाटसरू:
दीड एकराचं कोणी बोलतच नाही.