लिहिणाऱ्यांच्या गटात स्वतःचा आवाज सापडतो, की असतो तोही जातो?

अर्धविराम
आम्ही नऊ जण चार वर्षं एकमेकांचे कच्चे खर्डे वाचतोय. परवा एकीने खेळ काढला. प्रत्येकाच्या ताज्या कथेतला एकेक परिच्छेद घेतला, नावं काढली आणि म्हणाली, ओळखा कुणाचा. मी माझाच परिच्छेद दुसऱ्याच्या नावावर टाकला. सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र झोप लागेना.

माझ्या एका कथेत हे होतं:

"आजीने डबा उघडला आणि आत न बघताच झाकण लावलं. काय आहे ते तिला ठाऊक होतं. मला नव्हतं, अजून नाही."

गटाच्या सूचनांनंतर एवढंच उरलं:

"आजीने डबा उघडला आणि आत न बघताच झाकण लावलं."

एक म्हणाला, तिला ठाऊक आहे हे कृतीतून कळतंच. दुसरी म्हणाली, निवेदक उगाच मध्ये येतो. तिसरा म्हणाला, 'नव्हतं, अजून नाही' हा काळाचा गोंधळ आहे. तिघांचंही पटलं म्हणून तर मी खोडलं. तरी माझं आता असं मत झालंय की गटात हात सफाईदार होतो आणि आवाज घासून घासून गुळगुळीत होतो. कुणी हे खोडून काढलं तर बरंच वाटेल.

खोडरबर
काढतो. सूचनांनंतर उरलेलं वाक्यच चांगलं आहे, विषय संपला. आवाजाच्या नावाखाली आपण आपल्या खोडी पोसत असतो. मी प्रत्येक परिच्छेद 'असो'वर संपवायचो. गटात कुणीतरी एका कथेतले सगळे 'असो' मोजून दाखवले: सतरा. आठवडाभर मी त्या माणसाशी बोललो नाही. आज ती कथा वाचताना प्रत्येक 'असो' बुटक्या दाराच्या चौकटीसारखा कपाळाला लागतो. माझा आवाज म्हणजे ते सतरा 'असो' असतील, तर गेला ते बरं झालं.

बोरू
अर्धविराम यांच्या बाजूने. रविकिरण मंडळ आठवा. 1923 साली पुण्यात कवी एकत्र आले, एकमेकांच्या कविता वाचू-ऐकू लागले. दोनच वर्षांत अत्र्यांची 'झेंडूची फुले' आली आणि त्या कवितेची पार रेवडी उडाली. एका झटक्यात इतक्यांची टोपी उडवता येते, कारण सगळ्यांच्या टोप्या एकाच मापाच्या झालेल्या असतात. गटाचा साचा बनतो तो असा.

जुना वाचक
बोरू, उदाहरण छान, निष्कर्ष घाईचा. अत्र्यांनी केशवसुतांच्या 'आम्ही कोण?'चंही विडंबन केलंय. केशवसुत कुठल्या मंडळात होते? उलट ज्याला आवाज आहे त्याचंच विडंबन जमतं. बिनआवाजाच्या माणसाची नक्कल करून दाखवा बघू. आणि माधव ज्युलियनांची गझल आणि यशवंतांची 'आई' शेजारी ठेवा. दोघे एकाच मंडळातले, पण डोळे झाकून ऐकलंत तरी कुठली कुणाची ते सांगाल. एकत्र बसल्याने हे दोघे एकसारखे झाले नाहीत.

बोरू
ती मोठी माणसं. आपल्यासारख्यांचं काय? मुरलेल्याला गट बाधत नाही, पण नवखा गटात शिरला की पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांना आवडेल असं लिहायला शिकतो. शाबासकीची चटक वाईट. मी स्वतः पाहिलंय (केलंयही, खोटं कशाला बोलू), खर्डा लिहितानाच डोक्यात चालू असतं की ही ओळ अमकीला आवडेल, इथे तमका हरकत घेईल. म्हणजे वाक्य कागदावर यायच्या आधीच त्याची हजामत झालेली.

काना-मात्रा
बहिणाबाईंचं काय मग? लिहिता-वाचता येत नव्हतं. कविता घरच्यांनी टिपून घेतल्या म्हणून वाचल्या, आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये छापून आल्या. कुठला गट, कुठल्या सूचना? आणि आवाज तर असा की दोन ओळींत ओळखावा.

जुना वाचक
लिहिणाऱ्यांचा गट नव्हता, हे कबूल. पण ओवी एकटीने शोधून काढलेली नाही हो. जात्यावर बसून कित्येक पिढ्यांच्या बायकांनी घडवलेला तो छंद. त्याची लय, बोली, 'अरे'ने हाक मारायची पद्धत, सगळं सामाईक. त्या सामाईकातून बहिणाबाई वेगळ्या ऐकू येतात, हेच तर माझं म्हणणं आहे. निर्वात पोकळीत आवाज निघत नाही.

काना-मात्रा
पोकळीचं वाक्य टाळ्यांसाठी होतं, पण ओवीचा मुद्दा घेतला. तरी एक फरक राहतोच. जात्यावरची शेजारीण 'हा शब्द काढ' म्हणत नाही. तिला रुचलं तर ती पुढची ओवी जोडते. आपले गट जोडत नाहीत, कापतात.

आता डब्याकडे येते, कारण खोडरबर यांनी तो फारच लवकर बंद केला. 'मला नव्हतं, अजून नाही.' यातला 'नव्हतं' त्या दिवसाचा आहे. 'नाही' कधीचा? तेव्हा अजून कळलं नव्हतं, की आज लिहितानाही कळलेलं नाही? त्या एका स्वल्पविरामात निवेदक लहानाचा मोठा होतो. तिसऱ्या सभासदाला काळाचा गोंधळ दिसला, म्हणजे नेमक्या जागी त्याचा पाय अडखळला. फक्त त्याला वाटलं तो दगड आहे, आणि तुम्ही उचलून फेकून दिलात. तिथे उंबरा होता.

खोडरबर
मान्य, 'अजून नाही' ठेवण्यासारखं आहे. मधलं 'तिला ठाऊक होतं' मात्र मी अजूनही काढीन. आणि अडखळलेली प्रत्येक जागा उंबरा नसते. माझे सतरा 'असो' दगडच होते. मग दगड कुठला आणि उंबरा कुठला हे ठरवणार कोण? लिहिणाऱ्याला तर दोन्ही आपलेच वाटतात.

काना-मात्रा
ठरवणार लिहिणाराच, पण अडखळलेला माणूस समोर हवा. आता मी वाचणाऱ्यांना एवढंच विचारते: कुठे थांबलात, कुठे कंटाळलात, कुठे परत मागे जाऊन वाचलंत. उपाय सांगू देत नाही. सांगितलाच तर मान डोलावते आणि सोडून देते. सुरुवातीला लोक दुखावले. एक जण तर म्हणाला, 'मग आम्हाला वाचायला कशाला देतेस?' त्यानंतर त्याने खरंच वाचणं सोडलं. चांगला वाचक होता, चुटपुट लागून राहिली.

अर्धविराम
काना-मात्रा यांचं वाचून मी जुनी वही काढली. गटात पाठवण्याच्याही आधीचा, हाताने लिहिलेला पहिला खर्डा. म्हटलं, 'अजून नाही' तिथे कसं उमटलंय ते बघू.

ते तिथे नाहीच. वहीत वाक्य 'मला नव्हतं'वर संपतं.

मग जुने निरोप चाळले. पहिल्या वाचनात आमच्यातल्या एकाने समासात विचारलं होतं, 'आता माहीत आहे का तुला?' त्याला उत्तर म्हणून मी ते दोन शब्द जोडले. दीड महिन्याने काळाचा गोंधळ म्हणून ते काढायला सांगणाराही तोच! त्याला स्वतःचा प्रश्न आठवत नव्हता आणि मला माझं उत्तर. ज्याला मी चार दिवस 'माझा आवाज' म्हणून रडतेय, ते त्याच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं.

जुना वाचक
मला जिंकल्यासारखं वाटायला हवं, पण वाटत नाही.

बोरू
वाटूही नका. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं उदाहरण आहे. 1981 च्या कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिश यांनी निम्म्याहून जास्त मजकूर कापला. कार्व्हरने पत्र लिहून छपाई थांबवायची विनवणी केली होती, तरी पुस्तक आलं, आणि त्याच काटकसरीच्या शैलीसाठी त्याचं नाव झालं. मूळ कथा 2009 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी छापल्या गेल्या. वाचणाऱ्यांत आजही दोन तट आहेत. मला मूळ कथा आवडतात, कारण त्यांतली माणसं जास्त बोलतात. पण कार्व्हरचं कुणी नाव काढलं की डोक्यात पहिल्यांदा येते ती लिशने कापून उरवलेली ओळ. याला काय म्हणायचं?

खोडरबर
लिशला संपादक म्हणायचं. त्याच्या हातात कात्री होती आणि पुस्तकही. गटातल्या कुणाच्या हातात काय असतं? खोडलं अर्धविराम यांनी स्वतःच, त्या तिसऱ्याने नाही. मागाहून त्याच्या नावाने रडण्यात अर्थ नाही. मी 'असो' काढले तेही माझ्याच हाताने.

अर्धविराम
हे लागलं, पण खरं आहे. 'अजून नाही' परत घातलंय. 'तिला ठाऊक होतं' काढलं, खोडरबर खूश व्हा. त्यामुळे 'मला नव्हतं' आता लोंबकळतंय, तेही बघायला हवं. सध्या असं आहे:

"आजीने डबा उघडला आणि आत न बघताच झाकण लावलं. मला ठाऊक नव्हतं, अजून नाही."

काना-मात्रा
'ठाऊक'वर अडखळले. का ते सांगत नाही.

खोडरबर
डब्यात होतं काय पण?